ट्रेमधली कवळी कोणी हलवली

पॉलिशवाल्याचं टेबल उचलून बाहेरच्या बोळकांडीत ठेवलं, तेव्हाच मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली.

वरवर बघता त्यात वावगं काही नव्हतं. लॅबमध्ये नवं मशीन यायचं होतं, त्याला खिडकीजवळची जागा हवी होती आणि खिडकीजवळ पॉलिशवाला बसायचा. मालकीणबाईंनी सगळ्यांना तसं समजावूनही सांगितलं. "जरा अडचण सोसा," त्या म्हणाल्या. पण हे सांगताना त्या पॉलिशवाल्याकडे एकदाही बघत नव्हत्या, हे मास्तरांनी हेरलं. काही आठवडे पॉलिशवाला बोळकांडीत, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खात बसला. मग एका सोमवारी टेबल तिथेच होतं आणि तो नव्हता. दुसरीकडे काम मिळालं म्हणे त्याला. मास्तरांनी "अरे वा" म्हटलं आणि मनात म्हटलं, आता पुढचं टेबल माझं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. पूर्ण पदवी 'कवळीमास्तर', आणि ती लॅबमधल्याच कोणीतरी गमतीनं दिलेली. दातांचे डॉक्टर रोग्याच्या जबड्याचे साचे पाठवायचे. त्या प्लॅस्टरच्या जबड्यावर मेणाची हिरडी चढवायची, तिच्यात एकेक दात बसवायचा, वरची आणि खालची ओळ नीट मिटते का बघायचं, आणि मग ती मेणातली कवळी पुढच्या कामाला पाठवायची. स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून मेण कोरायला ते आपल्या मामाकडून शिकले. मिसरूड फुटलं तेव्हा हातात आलेली ती सुरी आता केस पिकले तरी हातातच होती.

त्यांची एक खासियत होती. दात ते कधी सरळ रांगेत उभे करायचे नाहीत. "देवानं कुणाला असे दात दिलेत का?" म्हणायचे. पटाशीचा एक दात किंचित वळवायचा, एखादा सुळा केसभर आत घ्यायचा, की कवळी खरी वाटायची. बसमध्ये समोर कोणी मोकळेपणानं हसलं, की मास्तर त्याच्या तोंडात बघत बसायचे. कधी कधी ओळखीचा सुळा भेटायचा. मग दिवसभर स्वारी खुशीत. बायको म्हणायची, "अहो, लोकांच्या तोंडाकडे असं टक लावून बघू नका, एखादा दिवस कुणीतरी तुमचेच दात पाडेल."

मशीनबरोबर ते चालवणारी एक मुलगी आली. केस आखूड कापलेले, चपला न वाजवता चालणारी, बोलायला मऊ. साचा एका डब्यासारख्या स्कॅनरमध्ये ठेवायची की तो समोरच्या स्क्रीनवर उमटायचा, आणि तिथेच दात बसवले की मशीन पांढऱ्या ठोकळ्यातून ते कोरून काढायचं. लॅबमध्ये तिला सगळे मशीनवाली म्हणू लागले. मास्तर मनातल्या मनात तिला 'मांजर' म्हणायचे. कारण कधी मागे येऊन उभी राहील ते कळायचंच नाही.

"मास्तर, इथे बसून बघू का थोडा वेळ?" तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"बघायला काय, बघ की."

ती बघत बसली. सुरी कशी धरली, दात कुठे वळवला, कधी थांबले. मग तिनं फोन काढला आणि मास्तरांच्या पुऱ्या झालेल्या कवळीचा फोटो घेतला. समोरून, डावीकडून, उजवीकडून. पोलीस गुन्हेगाराचे घेतात तसे.

"फोटो कशाला?"

"मला उपयोगी पडतील," ती म्हणाली आणि हसली.

एवढं उत्तर मास्तरांना पुरेसं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खुर्ची फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून काम सुरू केलं. मामाची सुरी संध्याकाळी ड्रॉवरमध्ये बंद करून किल्ली खिशात. तरीही पोरगी काही ना काही विचारायचीच. एकदा तिनं विचारलं, मेण फार मऊ होऊ नये म्हणून काय करता? मास्तरांनी गंभीर चेहरा करून सांगितलं, आधी चांगलं उकळत्या पाण्यात बुडवून ठेवायचं. शुद्ध थाप. तिनं मान डोलावली, आभारही मानले. मास्तरांना रात्री जेवताना आठवून दोनदा हसू आलं.

घरी या संशयाला खतपाणी घालायला मेव्हणा होता. बायकोचा धाकटा भाऊ, राहायला वरच्याच मजल्यावर. पूर्वी छापखान्यात खिळे जुळवायचा. तिथे कॉम्प्युटर आले, तेव्हा "मी त्या डबड्याला हात लावणार नाही" असं बाणेदारपणे सांगून तो घरी आला, तो घरीच राहिला. आता दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवायचा.

"भावोजी, लिहून ठेवा," तो म्हणाला. "आधी तुमच्याकडून सगळं काढून घेतील. गोड बोलतील. मास्तर मास्तर करतील. आणि एकदा त्या पोरीला जमलं ना, की तुम्हाला नारळ."

"तसं काही नाही रे," मास्तर म्हणाले. पण स्वर असा, की आणखी बोल.

"फोटो काढले म्हणता ना? झालं तर मग."

"काय झालं?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "उगाच त्यांच्या डोक्यात काही भरवू नकोस."

बायको अशी मध्ये पडली, हेही मास्तरांना खटकलं. ती एरवी भावाच्या बडबडीकडे लक्षच द्यायची नाही. आणि त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. मास्तर कामावरून आले, तर बायको फोनवर हळू आवाजात बोलत होती. ते आत शिरताच म्हणाली, "बरं, ठेवते हं बाई," आणि फोन ठेवून भांडी आवरायला लागली.

"कोण होतं?"

"कोणी नाही. शेजारची."

शेजारीण दाराबाहेर कुंड्यांना पाणी घालत होती. मास्तर येताना तिला हातही करून आले होते. माणसाला घरातही जपून बोलावं लागावं, असे दिवस आले तर, एवढंच त्यांच्या मनात आलं.

त्यानंतरची गोष्ट ट्रेची. संध्याकाळी जाताना मास्तर त्या दिवशीच्या मेणातल्या कवळ्या एका ट्रेमध्ये मांडून जायचे. सकाळी आले, की त्यांना वाटायचं, यांना कोणीतरी हात लावलाय. पहिली शेवटी, शेवटची मध्ये. एकीचं तोंड भिंतीकडे करून ठेवलेलं, ते खोलीकडे. झाडणाऱ्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "मी कशाला हात लावू त्या दातांना? मला तर भीती वाटते त्यांची."

मास्तरांनी सापळा लावायचं ठरवलं. ट्रेवर आडवा एक बारीक धागा ठेवायचा, कोणी ट्रे उचलला तर तो हलणारच. पण धागा ठेवल्यावर तो त्यांचा त्यांनाच दिसेना. मग त्यांनी आगकाडी ठेवली. सकाळी येऊन बघतात, तर काडी जमिनीवर.

आता खात्रीच झाली. पोरगी त्यांच्या पाठीमागे त्यांच्या कवळ्या मशीनमध्ये घालते, त्यांची वळणं चोरते, आणि ती सगळी एकदा त्या डब्यात भरली, की मास्तरांची गरज संपली. मालकीणबाईंना माहीत आहे का? माहीत असणारच. किल्ल्या त्यांच्याकडेच असतात.

दुसऱ्या दिवशी मास्तर नेहमीपेक्षा बरेच लवकर निघाले. लॅबचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत दिवा. बोळकांडीतल्या त्या रिकाम्या टेबलाला वळसा घालून ते पाय न वाजवता पुढे गेले आणि काचेतून बघितलं. स्क्रीनवर त्यांची कवळी. कालचीच, वळवलेल्या दातावरून त्यांनी लगेच ओळखली. समोर पोरगी बसलेली, तिच्या हातात खरी कवळी आणि तापवलेली सुरी, आणि खांद्यावरून वाकून बघणाऱ्या मालकीणबाई.

मास्तरांनी दार ढकललं.

"चालू द्या!" ते ओरडले. "माझ्यामुळे थांबू नका! चोरी अर्धवट सोडू नये!"

पोरीच्या हातातली सुरी खाली पडली. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. बाई मात्र सावकाश उभ्या राहिल्या.

"मास्तर, बसा."

"उभाच बरा आहे."

"बसा म्हणते ना. कधीतरी हे बोलायचंच होतं. मी टाळत होते, माझी चूक." त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "हे बघा. डावीकडच्या दाढा मिटतच नाहीत. मध्ये फट आहे. आणि इथे आतल्या बाजूला मेणाची धार राहिलीय, ती हिरडीत घुसेल."

"मशीन खोटं बोलतंय."

"गेल्या हिवाळ्यापासून डॉक्टरांकडून कवळ्या परत येतायत, मास्तर. तुमच्या. आधी एखाददुसरी, मग वाढल्या. ही आल्यापासून आम्ही सकाळी तपासतो आणि तुम्ही यायच्या आत दुरुस्त करतो."

"आणि ते फोटो?"

उत्तर पोरीनं दिलं, खाली बघतच. "तुम्ही दात मुद्दाम कुठे वाकडा करता आणि कुठे चुकून झालाय, ते मला ओळखता यायला हवं होतं. नाहीतर दुरुस्त करताना मी तुमचं सगळंच सरळ करून टाकलं असतं."

मास्तरांची दातखीळ बसली. लोकांना दात देण्यात हयात घालवलेल्या माणसाला त्या क्षणी तोंड उघडता येईना. ते वळले आणि तडक बाहेर पडले.

रस्त्यावर येईपर्यंत संशयानं नवं रूप घेतलं होतं. अस्सं! म्हणजे काढून टाकायला कारण हवंय. मशीन त्यांचं, स्क्रीन त्यांची, तिच्यावर फट दाखवायला कितीसा वेळ लागतो? कवळ्या परत येतात म्हणे! कोणी बघितल्या? त्यांच्याकडे काम पाठवणाऱ्या एका डॉक्टरचा दवाखाना चौकापलीकडेच होता. इतक्या वर्षांत मास्तर तिथे कधी गेले नव्हते. साचे यायचे, कवळ्या जायच्या. आज ते गेले. खरं-खोटं करून टाकू एकदाचं.

बाहेरच्या खोलीत बाकावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. मांडीवर रुमाल, रुमालात काहीतरी गुंडाळलेलं. मास्तर शेजारी बसले.

"दात काढायचाय?" आजींनी बोळक्या तोंडानं विचारलं.

"नाही. असंच. तुम्ही?"

"मी दात परत करायला आलेय." त्यांनी रुमाल उघडला. "मागच्या थंडीत बनवले. दिसायला इतके सुंदर, की सून म्हणाली, आई, तुमचेच वाटतात. पण घास चावला की कळ डोक्यात जाते. दोनदा घासून दिले डॉक्टरांनी. मी आपली जेवताना काढून ठेवते आणि कोणी आलं की घालते. दात म्हणजे काय दागिना आहे का हो?"

पटाशीचा डावा दात किंचित वळलेला होता. वरचा सुळा केसभर आत. मास्तरांनी हात पुढे केला.

"बघू का जरा?"

आजींना त्यात काही वाटलं नाही. मास्तरांनी कवळी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली. काहीही दिसलं नाही. छान, स्वच्छ, गुळगुळीत. मग त्यांनी डोळे मिटले आणि आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. एका जागी तो अडला. पुन्हा फिरवला. पुन्हा तिथेच. दोनदा घासूनही उरलेला उंचवटा डोळ्यांना दिसत नव्हता, पण अंगठ्याला स्पष्ट टोचत होता.

"ज्यानं बनवले ना," आजी म्हणाल्या, "त्याला एकदा हे घालून जेवायला बसवलं पाहिजे."

मास्तर "हं" म्हणाले. कवळी पुन्हा रुमालात ठेवली, रुमालाची टोकं नीट जुळवली आणि उठले. डॉक्टरांना भेटायचं काही कारणच उरलं नव्हतं.

घरी बायकोनं दार उघडलं. अशा अवेळी नवरा दारात बघूनही तिनं का आलात असं विचारलं नाही, तेव्हाच त्यांना कळलं.

"तुला माहीत होतं."

"डोळ्यांचं म्हणाल, तर वर्ष होत आलं," ती म्हणाली. "चहा कपाबाहेर ओतता. जिन्याची शेवटची पायरी पायानं चाचपता. मी विचारलं की अंगावर येता. शेवटी मीच बाईंना फोन केला. म्हटलं, कामावर काही जाणवतं का? तर त्या बिचाऱ्या रडकुंडीला आल्या."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, ही त्यांना सामील आहे."

मास्तर अगदी तेच म्हणाले असते.

डोळ्यांच्या डॉक्टरनं बराच वेळ तपासलं. एका डोळ्याच्या मधोमध काहीतरी खराब झालं होतं. गेलेलं परत येणार नाही, पण औषधानं पुढचं थोपवता येईल, असं तो म्हणाला. चष्म्यानं लांबचं सुधारेल. केसाएवढं बारीक मात्र विसरा. मास्तरांनी "खात्री आहे का?" असं तीनदा विचारलं आणि दुसऱ्या डॉक्टरलाही दाखवलं. तोही तेच म्हणाला.

मग ते लॅबमध्ये गेले. बाईंच्या खोलीत जाऊन, या वेळी खुर्ची ओढून बसले.

"पॉलिशवाला स्वतःहून गेला, की तुम्ही काढलं?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "काढलं. ते काम आता मशीन करतं. त्याला म्हटलं, शिक. तो नाही म्हणाला. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं."

"मला कितीदा म्हणणार?"

"म्हणेन दोन-तीनदा. पण मास्तर, खोटं कशाला बोलू? सुरीनं तुम्ही आता काम करू शकत नाही. स्क्रीनसमोर बसलात तर तुम्ही मला हवे आहात. नाही बसलात तर काय करायचं, मला माहीत नाही."

म्हणजे संशय अगदीच हवेतला नव्हता. मास्तरांना त्यातही थोडं समाधान वाटलं. निदान वेड तरी लागलं नव्हतं आपल्याला! ते उठले आणि मशीनवालीच्या शेजारी जाऊन बसले.

पहिले काही दिवस वाईट गेले. माउस नावाच्या त्या वस्तूला धरायला धड बाजू नव्हती, आणि स्क्रीनवरचा बाण हात जरासा हलला की थेट कोपऱ्यात पळायचा. पोरगी हसली की मास्तरांना वाटायचं, आपल्यालाच हसतेय. न हसता गप्प बसली, की वाटायचं, आता बाईंना जाऊन सांगणार. एकदा त्यांची सकाळभराची मेहनत एका चुकीच्या बटणानं नाहीशी झाली, तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "तू पुसलंस ना?"

"मास्तर, मी जेवायला गेले होते."

"तेच म्हणतो मी. नेमकी तेव्हाच कशी गेलीस?"

ती या वेळी खरंच खोखो हसली. मग म्हणाली, "आणि तुम्ही ते मेण उकळत्या पाण्यात बुडवायला सांगितलंत, ते? माझा अख्खा आठवडा गेला त्यात. सगळ्या मेणाचा नुसता लगदा. मी मात्र कुणाला सांगितलं नाही."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग तेही हसले.

एका दुपारी तिनं त्यांना दात मोठा करून दाखवला. बोट फिरवलं तसा दात फुगत गेला, मुठीएवढा झाला, मग डोक्याएवढा. चांगल्या डोळ्यासमोर दाढेच्या माथ्यावरचे उंचवटे, त्यांच्यामधल्या घळी, सगळं लख्ख उभं राहिलं. किती दिवसांनी त्यांना दात दिसत होता! एवढे दिवस ते आठवणीवर दात बसवत होते आणि त्यालाच बघणं समजत होते. ते स्क्रीनवरून नजर हलवेनात. पोरीनं विचारलं, "थकलात का?" त्यांनी मानेनंच नाही म्हटलं आणि माउस हातात घेतला.

स्क्रीनवर बसवलेली त्यांची पहिली कवळी भयंकर निघाली. कवायतीच्या शिपायांसारखे सरळ, निर्जीव दात. दुसरी त्याहून थोडी बरी. पुढे हळूहळू पटाशीचा दात वळू लागला. काम झालं की मात्र ते तयार कवळी हातात घेऊन, डोळे मिटून आतून अंगठा फिरवायचे. पोरगी म्हणायची, मशीननं मोजलंय, कशाला? ते म्हणायचे, "मशीनला हिरडी आहे का?" वेगात ते तिच्या जवळपासही नव्हते, आणि कधी पोचणारही नव्हते. आठवड्यातून एखादी कवळी तरी ती त्यांना उघडपणे परत करायची: "मास्तर, ही जमली नाही." हे ऐकायची सवय व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मेव्हण्यानं महिनाभर अबोला धरला. "गेलात ना शेवटी त्यांच्या बाजूला?" एवढंच म्हणाला होता. पॉलिशवाला एकदा बाजारात दिसला, भांड्यांच्या दुकानात कढया चकचकीत करत बसलेला. मास्तरांनी हाक मारली. त्यानं वर बघितलं, ओळखलं, आणि पुन्हा कढईत मान घातली. मास्तर थोडा वेळ दुकानाबाहेर उभे राहिले आणि निघून आले.

दुसऱ्या हिवाळ्यात मालकीणबाईंनी त्यांना बोलावून सांगितलं, की आणखी एका लॅबमध्ये असंच मशीन येतंय आणि तिथले जुने कारागीर त्याला हात लावायला तयार नाहीत. मास्तरांनी आठवड्यातून एकदा जाऊन त्यांच्यात बसावं. तुमचं ऐकतील, त्या म्हणाल्या.

मास्तर हो म्हणाले. घरी येऊन त्यांनी बायकोला बातमी दिली. तिला इतका आनंद झाला, की तिनं लगेच भावाला सांगायला जिन्याकडे धाव घेतली. मास्तरांनी तिला हातानं थांबवलं.

"जरा दम धर," ते आवाज खाली आणून म्हणाले. "बाईंना मला नेमकं तिकडेच का पाठवायचंय, ते आधी बघू दे."